चौथी वाटी

रिपोर्ट चांगला होता, म्हणूनच खराड्यांनी तो तळापासून वाचायला घेतला.

ही खात्यातली सवय. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस कागद खालून वर वाचतो, कारण लबाडी ठळक अक्षरांत कधी नसते. दुकानांचे तराजू तपासत शिरीष खराड्यांनी सातारा जिल्ह्यातले सगळे बाजार पायाखाली घातले होते. आज सत्तराव्या वर्षीही कराडच्या मंडईत "साहेब, चहा घ्या" म्हणणारी माणसं होती आणि त्यांना लांबून बघून काट्यावरचा हात काढणारीही होती.

वरचा भाग निर्मलाने आधीच मोठ्याने वाचून दाखवला होता. उपचार संपून आठ महिने झाले होते. रक्तातली कॅन्सरची खूण, पीएसए, शून्याजवळ, प्रोस्टेटमधली गाठ विझलेली. तिने देवापुढे साखर ठेवली, चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवली आणि केतकीला पुण्याला फोन लावत ती स्वयंपाकघरात गेली. "हो गं, एकदम छान आलाय. देते ना पप्पांना, थांब की जरा. आधी सांग, लोणचं मुरलं का?"

तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. नोंदवलेलं प्राधान्य: आयुष्य १३, लघवीवरचा ताबा ४, आतडी २, सहजीवन ०, ताकद १. एकूण २०.

बेरीज बरोबर होती. आकडे बरोबर नव्हते. चौथ्या वाटीत त्यांनी सहा चिंचोके टाकले होते.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या डोक्यावर मूत्राशय, पाठीशी गुदाशय आणि दोन्ही कुशींना चिकटून मज्जातंतूंच्या दोन बारीक जुड्या. पुरुषाच्या सहजीवनाची, म्हणजे शरीरसुखाची, वाट या जुड्यांतून जाते. किरणांना पेशी ओळखता येत नाहीत, त्यांना फक्त जागा कळते, आणि ग्रंथी तर रोज त्याच जागी नसते. मूत्राशय भरलं की ती दबते, पोटात वारा धरला की पुढे सरकते. म्हणून पूर्वी सात-आठ आठवडे रोज किरण देत आणि चुकू नये म्हणून सभोवतीचा भागही थोडा भाजून काढत.

२०४४ सालचं यंत्र हेच काम पाच बैठकांत करी. पेशंट आडवा झाला की ते चुंबकीय चित्र घेई, आज कोणता अवयव कुठे आहे ते पाही आणि पन्नास सेकंदांत त्या दिवसापुरता नवा आराखडा तयार करी. प्रत्येक आराखड्यात दीड-दोन मिलिमीटरचा प्रश्न उरे. किरणांची कड बाहेर सरकवली तर ग्रंथीबाहेर निसटलेली एखादी पेशी सापडण्याची शक्यता वाढे, पण मज्जातंतूंची जुडी त्या कडेत येई आणि पुढच्या काही महिन्यांत हळूहळू वाळून जाई. कड आत घेतली तर जुडी वाचे, पेशीचा धोका राही. हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, ज्याचं शरीर त्याने ठरवायचं, असा नियम झाला होता. पण पन्नास सेकंदांत, भरल्या मूत्राशयाने आडव्या पडलेल्या माणसाला विचारणार काय? म्हणून त्याला आधीच विचारून ठेवत.

टक्क्यांत विचारलं की लोक "डॉक्टर, तुम्हाला योग्य वाटेल ते" म्हणून मोकळे होत. मग कराडच्या किरणोपचार केंद्रातल्या कुणीतरी युक्ती काढली. टेबलावर नावं लिहिलेल्या पाच वाट्या आणि पेशंटच्या हातात वीस चिंचोके. जे जितकं महत्त्वाचं, तितके त्या वाटीत. वर लावलेला कॅमेरा ते मोजून पेशंटच्या कार्डावर नोंदवी आणि यंत्राला कळवी. हातात चिंचोके आले की हेच लोक गप्प होत आणि विचारात पडत. पंचक्रोशीत त्या यंत्राचं नावच चिंचोक्याचं मशीन पडलं होतं.

तो दिवस खराड्यांना नीट आठवत होता. खोलीत निर्मला होती, केतकी होती, समजावून सांगणारी एक मुलगी होती. त्यांनी आयुष्याच्या वाटीत सात टाकले, लघवीच्या चार, आतड्यांच्या दोन, ताकदीच्या एक. हातात सहा उरले. केतकीने नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. मुलीसमोर बापाने त्या वाटीकडे हात नेणं सोपं नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, तरी त्यांनी सहाच्या सहा मोजून टाकले.

कारण तो हिशेब खरा होता. केतकीची आई जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, सहासष्टाव्या वर्षी त्यांनी निर्मलाशी लग्न केलं होतं. तीही विधवा, मलकापुरात शिवणाचे वर्ग चालवणारी. पहिले चार महिने दोघं पलंगाच्या दोन कडांना परक्या पाहुण्यांसारखे झोपत. मग एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला, निर्मला म्हणाली, "उकडतंय म्हणून लांब सरकलात तर पडाल खाली," आणि दोघं इतके हसले, की शेजारच्या पवारांनी कडी वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. आपल्या आयुष्यातलं हे पान उलटून गेलं, असं ज्याला वाटत होतं, त्याच्यासाठी सहा चिंचोके म्हणजे फार नव्हते.

चिंचोके टाकून झाल्यावर ते बाहेर गेले होते. स्कॅनसाठी पाऊण लिटर पाणी पिऊन यायला सांगितलं होतं. ते नेहमीसारखे तासभर आधी पोचले, नेहमीसारखे तासभर आधी प्यायले आणि रांग रेंगाळली. थोडं मोकळं होऊन येतो म्हणाले. समजावून सांगणारी ती मुलगी वाट दाखवायला सोबत आली. परत आले तेव्हा स्कॅनवाले हाका मारत होते. "झालं ना, काका?" मुलीने विचारलं. "झालं, झालं," म्हणत त्यांनी अंगठा लावला. वाट्यांकडे पाहिलं नाही.

मधल्या पाच-सात मिनिटांत खोलीत दोघीच होत्या. आणि त्या दोघींपैकी लग्नाला विरोध कुणी केला होता, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

निर्मला दळण आणायला गेल्यावर त्यांनी केतकीला फोन लावला.

"माझ्या वाट्यांना कुणी हात लावला?"

"कसल्या वाट्या, पप्पा?"

"चिंचोक्यांच्या. चौथीत शून्य लिहिलंय. मी सहा टाकले होते. तू कॅलेंडर बघत होतीस तेव्हा."

मग केतकी एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "मी तुमच्या वाटीतला एकही चिंचोका काढलेला नाही."

"लग्नाला आली नाहीस, सोडून दिलं. दोन वर्षं तिला 'त्या' म्हणत होतीस, सोडून दिलं. आता कुठे मावशी म्हणायला लागलीस, लोणची-पापड द्यायला-घ्यायला लागलीस, मला वाटलं पोरीचं मन मोठं झालं. आणि हे?"

"पप्पा, तुम्ही जिवंत आहात," केतकी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मला एवढंच पुरे आहे." तिने फोन ठेवला.

ती रडत होती, हे खराड्यांना कळलं. अपराध्याला रडू येतंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच केंद्रात गेले. स्वागतकक्षातल्या माणसाने सवयीने विचारलं, "घरचं कोणी नाही आलं का बरोबर?"

"नाही. आज माप तपासायचंय," खराडे म्हणाले.

श्रावणी दिघे ही तिथली भौतिकतज्ज्ञ. किरणांचे आराखडे तपासण्याचं काम तिचं. पस्तिशीची, कमी बोलणारी. खराड्यांनी ओळीवर बोट ठेवलं तेव्हा तिने वाद घातला नाही. "कार्डावर तुमचाच अंगठा आहे, काका," ती म्हणाली, "पण वाट्यांचं चित्रण आम्ही पाच वर्षं ठेवतो. बघा तुम्ही."

चित्रणात चेहरे नव्हते. वरून दिसणारं टेबल, पाच वाट्या आणि हात. त्यांनी स्वतःचा हात पाहिला, बोटातली चांदीची अंगठी पाहिली. चौथ्या वाटीवर तो क्षणभर थांबला आणि रिकामा झाला. मग निघून गेला. टेबल बराच वेळ तसंच राहिलं.

मग डावीकडून एक हात आला.

खराडे केतकीच्या हाताची वाट पाहत होते, काळ्या पट्ट्याच्या घड्याळाची. या हातात हिरव्या बांगड्या होत्या. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. शिलाई मशीनची सुई लागून दुभंगलेलं ते नख खराड्यांनी कितीदा तरी आपल्या हातात धरलं होतं. हाताने दोन चिंचोके उचलले आणि आयुष्याच्या वाटीत टाकले. पुन्हा दोन. तिसऱ्या वेळी एक निसटला आणि घरंगळत टेबलाच्या उजव्या कडेला गेला.

तिथून दुसरा हात पुढे आला. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. त्याने चिंचोका पडता पडता अडवला, बोटांत धरला, थोडा थांबला आणि बांगड्यांच्या हातात दिला.

बांगड्यांच्या हाताने तो आयुष्याच्या वाटीत टाकला. मग रिकामी वाटी होती तशी सरळ केली.

एकही चिंचोका काढलेला नाही, असं केतकी म्हणाली होती. पोरगी निरीक्षकाची होती. खोटं बोलली नव्हती.

"पुन्हा लावू?" श्रावणीने विचारलं.

"नको." मग त्यांनी विचारलं, "सहा तिथेच राहिले असते तर?"

पाचही दिवसांची चित्रं साठवलेली होती, त्यामुळे उत्तर देता येत होतं. यंत्राने पाच जुने दिवस पुन्हा नव्याने आखले. पडद्यावर ग्रंथीभोवतीची लाल कड दोन्ही कुशींना जराशी आत आली आणि पिवळ्या जुड्या तिच्याबाहेर राहिल्या. "दहा वर्षांत आजार परत न येण्याची शक्यता, दिलेल्या उपचाराने शंभरात शहाण्णव," श्रावणी म्हणाली. "सहा चिंचोक्यांनी चौऱ्याण्णव. आणि सहजीवन टिकण्याची..." ती थांबली. "ती बरीच जास्त होती, काका."

"आणि आता?"

"वाळलेली जुडी परत येत नाही."

शंभरात दोन. मंडईत शंभर किलोला दोन किलोंचा फरक निघाला असता, तर त्यांनी काटा जागच्या जागी जप्त केला असता. पण इथे तोललं जात होतं काय, आणि कमी कुणाला मिळालं होतं?

"रोज विचारत होतो आम्ही," श्रावणी अवघडून म्हणाली. "प्रत्येक बैठकीआधी पडद्यावर कार्ड दाखवून. ते चित्रणही आहे."

पाच दिवसांचे पाच आवाज तिने लावले. "प्राधान्य आधीचंच ठेवायचं?" आणि लगेच खराड्यांचा स्वतःचा आवाज, दाबून धरलेला, घायकुतीला आलेला: "हो हो, तेच. लवकर करा ताई." पाचही दिवस तेच. तिसऱ्या दिवशी तर "अहो बाई, आता फुटेल" असंही होतं.

एकतीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट शिकवली होती: माल टाकण्याआधी काटा शून्यावर आहे का बघा. स्वतःच्या पाळीला त्यांनी पाच वेळा शून्य पाहिलंच नव्हतं.

"नातेवाइकांना बाहेर बसवत का नाही तुम्ही?"

"बसवून पाहिलं, काका. लोक भांडतात. आमच्या माणसाचं आमच्यापासून काय लपवताय, म्हणतात." तिने तक्रारीचा अर्ज पुढे सरकवला. कार्डात फेरफार करणाऱ्याचं नाव, अशी एक जागा त्यात होती. खराड्यांनी अर्ज घडी करून खिशात घातला.

निर्मला सतरंजीवर बसून गोधडीसाठी तुकडे कापत होती. ते समोर उभे राहिले आणि म्हणाले, "सहा होते."

कात्री थांबली. "केतकीनं सांगितलं?"

"तुझ्या नखानं सांगितलं."

तिने कात्री खाली ठेवली. मान वर केली. "हो. मीच काढले. सहाही."

"का?"

"मोहिते गेले ते आजार कळल्यापासून नऊ महिन्यांत." आपल्या पहिल्या नवऱ्याला ती अजून आडनावानेच संबोधत असे. "तेव्हा मला कुणी वाट्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर वीसच्या वीस एकीत टाकले असते."

"ते तुझे वीस असते. हे माझे होते."

"अहो, पण ते सहा कुणासाठी टाकले होते तुम्ही?" ती म्हणाली. "माझ्यासाठीच ना? मग मी माझे परत घेतले."

बाहेर पवारांच्या दारात भंगारवाल्याशी घासाघीस चालली होती.

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणूनच विचारायचं असतं, निर्मला."

ती तुकडे गोळा करू लागली. रंगांप्रमाणे लावलेल्या चळती तिने उगाच मोडल्या आणि पुन्हा लावल्या.

"शंभरात दोनांचा फरक होता," ते म्हणाले. "काढून आणलाय मी."

"दोनच?" तिचा चेहरा क्षणभर पडला. मग ती म्हणाली, "आणि त्या दोनात तुम्ही असता तर?"

"तर मी माझ्या मापाने गेलो असतो." ते खुर्चीवर बसले. "ते जाऊ दे. सहा गेले, गेले. पण गेले चार महिने मी तुझी माफी मागतोय. आठवतंय? मला लाज वाटायची. पाठ करून झोपायचो. मला वाटायचं, माझंच शरीर फितूर झालं. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचीस, राहू द्या हो, या वयात चालायचंच."

निर्मलाने तोंडाला पदर लावला.

"तुला माहीत होतं. हात फिरवताना तुला माहीत होतं, की ते वय नव्हतं."

सहा चिंचोक्यांचं उत्तर तिच्यापाशी होतं, याचं नव्हतं.

खिशातला अर्ज त्यांनी भरला नाही, फाडलाही नाही. तो कपाटात, जुन्या प्रमाणित वजनांच्या पेटीखाली ठेवून दिला. केतकी दोन दिवसांनी आली. ती दारातच म्हणाली, "पप्पा, मी फक्त पडलेला उचलून दिला."

"पाहिलं मी," ते म्हणाले. "चहा घेणार?"

तिला आरडाओरडा हवा होता, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तो केला नाही. स्वयंपाकघरात दोघी हळू आवाजात बोलत राहिल्या, मधेच एकीने नाक ओढलं, दुसरीने फोडणी टाकली. या घरात त्या दोघी एका ओट्याशी उभ्या राहाव्यात, म्हणून खराड्यांनी दोन वर्षं काय काय केलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या होत्या. दोघींनी एकमेकींच्या हातात दिली-घेतली ती पहिली वस्तू कोणती, हे आता खराड्यांना ठाऊक होतं. लोणच्याची बरणी नंतरची.

उपचारांना वर्ष झाल्यावर पुन्हा केंद्रात बोलावलं. वार्षिक तपासणीला कार्ड नव्याने भरावं लागे. पुढे कधी उपचारांची गरज पडली, तर तेच धरलं जाई. दोघी सोबत आल्या. निर्मलाच्या पिशवीत पाण्याची बाटली, रिपोर्टांची फाइल, दशम्या. नाव पुकारल्यावर ती सवयीने उठली. केतकीही उठली.

"तुम्ही बसा," खराडे म्हणाले.

"अहो, फाइल..."

"फाइल दे. तू बस."

स्वागतकक्षातल्या चार-सहा जणांनी माना वळवल्या. निर्मला हळूच खाली बसली.

आत श्रावणी होती. टेबल तेच, वाट्या त्याच. खराड्यांनी वीस चिंचोके आधी मोजून घेतले. सात, चार, दोन, एक. उरलेले सहा त्यांनी चौथ्या वाटीत टाकले.

श्रावणीने घसा साफ केला. "काका, त्या वाटीचं यंत्राला आता काही करता येणार नाही. वाया जातील. आयुष्याच्या वाटीत टाकलेत तर..."

"माहीत आहे मला. तुम्ही माप खरं लिहून घ्या."

त्यांनी चष्मा लावला. पडद्यावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचला, बेरीज केली, मग अंगठा लावला. आज मूत्राशय रिकामं होतं आणि कसलीच घाई नव्हती.

बाहेर आल्यावर निर्मलाने बाटली पुढे केली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. केतकी फोनमध्ये डोकं घालून बसली होती, पण तिचा अंगठा पडद्यावर हलत नव्हता.

"किती टाकलेत?" निर्मलाने विचारलं.

खराड्यांनी बाटली घेतली, झाकण काढलं, सावकाश सगळं पाणी प्यायलं. मग झाकण घट्ट लावून बाटली तिच्या हातात परत दिली.

"एकूण वीस," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.